तीन आकड्यांचा स्कोअर

पिकलबॉलमधला डबल्सचा प्रत्येक गेम 'झिरो-झिरो-टू' असं म्हणून सुरू होतो. पहिल्यांदा कोर्टवर आलेला माणूस इथेच अडतो. दोन झिरो समजले. एक आमचा, एक तुमचा. पण अजून कुणी पॅडलसुद्धा हलवलं नाहीये, तर हे 'टू' कुठून आलं?

ते समजायला आधी एक मूळ नियम लागतो. या खेळात पॉइंट फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच मिळतो. समोरच्यांनी कितीही भारी रॅली जिंकली, तरी त्यांच्या खात्यात काही जमा होत नाही. ते फक्त आपली सर्व्हिस घालवू शकतात, आणि तीही एका फटक्यात नाही. डबल्समध्ये टीममधल्या दोघांनाही सर्व्हिस मिळते. पहिल्याची गेली की दुसरा करतो, दुसऱ्याचीही गेली की 'साइड आउट', म्हणजे सर्व्हिस पलीकडे. म्हणून स्कोअरला तीन आकडे लागतात: आधी सर्व्हिस करणाऱ्यांचे पॉइंट, मग समोरच्यांचे, आणि शेवटी सर्व्हिस पहिल्याची चालू आहे की दुसऱ्याची. 'चार-सात-दोन' म्हणजे आमचे चार, तुमचे सात, आणि ही आमची शेवटची संधी. गेम 11 चा, पण किमान दोनच्या फरकाने जिंकावा लागतो.

गेमची पहिली सर्व्हिस ज्यांना मिळते, त्यांना आयताच फायदा असतो, कारण पॉइंट मिळवायला तेच आधी उभे राहतात. तो फायदा कमी करायला त्यांना त्या पहिल्या पाळीत दोनऐवजी एकच सर्व्हर दिला जातो. आल्या आल्याच त्यांना 'दुसरा' धरायचं. त्याची सर्व्हिस गेली की थेट साइड आउट. झिरो-झिरो-टू मधला टू हा एवढाच आहे.

इथपर्यंत यूट्यूबवरचा कुठलाही पाच मिनिटांचा व्हिडिओ सांगतो. माझा खरा गोंधळ पुढे होता: उभं कुठे राहायचं?

नियम असा. सर्व्हिस करणाऱ्या टीमने पॉइंट मिळवला की त्या दोघांनी आपापसात डावी-उजवी बाजू बदलायची आणि त्याच सर्व्हरने पुढची सर्व्हिस करायची. समोरच्यांनी जागा बदलायची नाही. पॉइंट नाही, तर हलणंही नाही. आणि साइड आउट होऊन सर्व्हिस आपल्याकडे आली, की त्या वेळी उजवीकडे जो उभा असेल तो 'एक नंबर' सर्व्हर. म्हणजे एक आणि दोन हे माणसांचे नंबर नाहीत, त्या पाळीपुरते आहेत. मागच्या पाळीत मी 'एक' होते, या पाळीत 'दोन' असू शकते.

पहिला आठवडा मी हे सगळं पाठ करत होते. मग एका रात्री कागदावर दोन चौकोन काढून एक अख्खा गेम हाताने चालवून बघितला, जसा आपण कोड ड्राय-रन करतो तसा. तेव्हा एक गोष्ट दिसली. टीम फक्त पॉइंट मिळाल्यावरच जागा बदलते. म्हणजे गेमची पहिली सर्व्हिस ज्याच्या वाट्याला आली, तो माणूस टीमचा स्कोअर सम असताना कायम उजवीकडे आणि विषम असताना कायम डावीकडे. 0, 2, 4 ला उजवीकडे. 1, 3, 5 ला डावीकडे. मध्ये कितीही साइड आउट होऊ देत, हे बदलत नाही.

कॉम्प्युटरमध्ये याला पॅरिटी म्हणतात. डेटा पाठवताना त्याच्यासोबत एक जादा बिट पाठवायचा, जो फक्त एवढंच सांगतो की यातले 'एक' किती, सम की विषम. पलीकडच्याने मोजून बघायचं. जुळलं नाही तर वाटेत काहीतरी बिघडलंय. पिकलबॉलच्या कोर्टवर हा जादा बिट म्हणजे चक्क उभा असलेला माणूस आहे. म्हणूनच रेफरी असलेल्या मॅचमध्ये टीमच्या पहिल्या सर्व्हरने ओळखू येईल असा बँड घालायचा असतो. बँडवाला कुठे उभा आहे ते बघायचं, स्कोअर ऐकायचा, आणि दोन्ही जुळतात का पाहायचं. पॅरिटीची मर्यादाही इथे तशीच आहे: एकाचा घोटाळा सापडतो, दोनाचा सापडत नाही.

हे मी आईला समजावून सांगायला गेले. आई 54 वर्षांची. शाळेनंतर ती कुठलाही खेळ खेळलेली नव्हती. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत बॅडमिंटन कोर्टवर संध्याकाळी पिकलबॉल सुरू झालं, तेव्हा ती आधी बाकावर बसून बघायची आणि मग हळूच एक दिवस पॅडल घेऊन उतरली. मी कागद पुढे केला, तर म्हणाली, "अगं, हे भिशीसारखंच आहे. कुणाचे किती आणि आत्ता पाळी कुणाची, एवढंच लक्षात ठेवायचं." वीस वर्षं बिल्डिंगमधल्या बायकांची भिशी तिच्याकडे आहे. तिला पॅरिटी हा शब्द लागला नाही.

तिला अवघड गेलं ते वेगळंच. या खेळात स्कोअर सर्व्हिस करण्याआधी मोठ्याने म्हणावा लागतो. रेफरी नसेल तर सर्व्हिस करणाऱ्यानेच. तो म्हटल्यावर सर्व्हिस करायला दहा सेकंद मिळतात. आधी बॉल मारायचा आणि मग आकडा पुटपुटायचा, हे चालत नाही. हिशेब आईला चोख यायचा, पण तो चारचौघांत, समोर पुरुष उभे असताना, खणखणीत आवाजात म्हणायची तिला सवय नव्हती. ती इतकं हळू म्हणायची की पलीकडून दर वेळी "काय? काय?" यायचं. शेवटी एक दिवस तिने इंग्रजी आकडे सोडले आणि मराठीत सुरू केलं. "तीन-पाच-एक." ते मात्र पार्किंगपर्यंत ऐकू गेलं.

मग तो गेम झाला, ज्यामुळे मला हे लिहावंसं वाटलं. आईच्या टीमची सर्व्हिस होती. आई म्हणाली, "आठ-सहा-एक." समोरचे काका म्हणाले, "नाही हो वहिनी, सात. सात-सहा." आमच्याकडे असे वाद एरवी आवाजावर सुटतात. ज्याचा मोठा, त्याचा स्कोअर. नाहीतर कुणीतरी "जाऊ दे" म्हणतं, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा बाईच असते.

आईने बॉल हातातच ठेवला. म्हणाली, "मागची सर्व्हिस कुणी घेतली?"

"मीच घेतली की."

"तुम्ही तुमच्या डाव्या बाजूला आहात आणि तिथून हललेला नाहीत. सर्व्हिस तिरकी जाते. म्हणजे मी माझ्या डावीकडून केली. या गेमची आमची पहिली सर्व्हिस माझी होती. मी डावीकडे, म्हणजे आमचे पॉइंट विषम. सहा असूच शकत नाहीत, सातच. तो पॉइंट आम्ही घेतला. आठ."

काका क्षणभर आपल्या पायांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे." आईने पुन्हा म्हटलं, "आठ-सहा-एक," आणि सर्व्हिस केली.

त्यानंतर मी या पद्धतीचं मूळ शोधत गेले, आणि ते फिरून बॅडमिंटनपाशीच आलं. 1965 साली अमेरिकेत, सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांनी घरच्या जुन्या बॅडमिंटन कोर्टवर हा खेळ जुळवला. बॅडमिंटनचं सामान सापडेना, म्हणून टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लॅस्टिकचा बॉल घेतला. मग बार्नी मॅकॅलम हे मित्र येऊन मिळाले आणि तिघांनी नियम बसवले, ते बरेचसे बॅडमिंटनवरून. कोर्टाचं माप आजही तेच आहे, 20 बाय 44 फूट. आमच्या कोर्टवर बॅडमिंटनच्या पुढच्या रेषेच्या अर्धा फूट मागे पिवळी टेप चिकटवली, नेट खाली घेतलं, की झालं पिकलबॉल.

स्कोअरही तिथलाच. तेव्हाच्या बॅडमिंटनमध्ये पॉइंट सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळायचा. डबल्समध्ये प्रत्येक बाजूला दोन सर्व्हर असायचे, आणि गेम सुरू करणाऱ्या बाजूला पहिल्या पाळीत एकच. 1980 साली प्रकाश पदुकोण यांनी ऑल इंग्लंडची फायनल 15-3, 15-10 अशी जिंकली, ती याच हिशेबाने. त्या 3 च्या मागे किती जिंकलेल्या रॅली दडल्या असतील, हे आकड्यावरून कळत नाही. बॅडमिंटनने 2006 मध्ये ही पद्धत सोडून 21 पॉइंटचं रॅली स्कोअरिंग घेतलं. व्हॉलीबॉलने त्याआधीच सोडली होती. एकोणिसाव्या शतकात ज्या खेळाला 'पूना' म्हणायचे, त्या बॅडमिंटनने टाकून दिलेला हिशेब अमेरिकेहून फिरून पुण्यातल्या बॅडमिंटन कोर्टवर परत आलाय, याची मला गंमत वाटते.

आणि आता तो जाणार का, हा प्रश्न आमच्यासमोर होता. कोर्ट एक, खेळणारे वीस. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी सुचवलं की आपणही रॅली स्कोअरिंग करू. जो रॅली जिंकेल त्याला पॉइंट, सर्व्हिस कुणाचीही असो. गणित त्यांच्या बाजूने होतं. 11 च्या गेममध्ये रॅली स्कोअरिंगने 10-10 पर्यंत पोचायला बरोबर 20 रॅली लागतात. साइड आउट पद्धतीत याला वरची मर्यादाच नाही. सर्व्हिस इकडून तिकडे जात राहते आणि स्कोअर जागचा हलत नाही. बाहेर आठ जण पॅडल घेऊन उभे असताना हे छळासारखं वाटतं. मी थम्स-अप दिला. इंजिनिअरला कधी संपेल ते माहीत नसलेला प्रोग्रॅम आवडत नाही.

आईने ग्रुपवर काही लिहिलं नाही. जेवताना म्हणाली, "आमची सर्व्हिस असताना मी चुकले, तर आत्ता काय होतं? पाळी जाते. पॉइंट जात नाही. म्हणून तर मी मारून बघते. उद्या प्रत्येक चुकीचा पॉइंट समोरच्यांना मिळायला लागला, तर माझा पार्टनर मला सांगेल, तुम्ही फक्त बॉल पलीकडे टाका."

नियमाकडे मी या बाजूने बघितलं नव्हतं. मी मोजत होते ती गेमची लांबी; ती मोजत होती चुकीची किंमत. जुन्या पद्धतीत सर्व्हिस हातात असते तोवर चुकीची किंमत एक पाळी, एवढीच. विशी-पंचविशीतल्या, शाळेपासून रॅकेट धरलेल्या मुलांना याने फारसा फरक पडत नाही. चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा बॅकहँड मारून बघणाऱ्या बाईला पडतो. आणि 4-10 ने मागे असलेल्या टीमलाही पडतो. समोरच्यांना शेवटचा पॉइंट घ्यायला आधी सर्व्हिस परत मिळवावी लागते, तोवर गेम जिवंत असतो.

मी तिला म्हटलं, हेच ग्रुपवर लिही. तिने लिहिलं, तेही व्हॉइस नोट न टाकता, टाइप करून, दोन ओळी. त्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही, आणि मग ज्या काकांशी आठ-सातचा वाद झाला होता, त्यांचा मेसेज आला: "वहिनींचा मुद्दा बरोबर आहे."

आता असं ठरलंय. रविवारी, किंवा बाहेर आठपेक्षा जास्त लोक थांबलेले असतील तेव्हा, रॅली स्कोअरिंग. बाकी दिवस जुनी पद्धत. आदर्श तोडगा नाही, पण चालतोय. रविवारी आई जरा जपून खेळते, ते मला बाकावरून दिसतं. नवीन येणाऱ्यांना स्कोअर शिकवायचं काम तिच्याकडेच आहे. ती कागद काढत नाही, पॅरिटी सांगत नाही. सर्व्हिस करायला उभं करते आणि म्हणते, "आधी आकडे म्हण. मोठ्याने. आम्हाला ऐकू आले, की मग मार."