अडीच घरांची उडी

आमच्या लोधीखेड्यात पूर्वी तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांचे ठोके दिवसभर ऐकू यायचे. दुपार कलली की ओट्यावर कापडी पट पसरला जाई. डाव देशी पद्धतीच्या बुद्धिबळाचा. प्यादं एकेकच घर सरकायचं, किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येई. मात्र त्याआधी शह बसला की ती गेली.

सगळी चढाई या उडीभोवती फिरे. जाणता खेळणारा लवकरच एखादा शह देऊन ठेवी. त्यानं मात होणार नाही हे त्याला ठाऊक असे. राजाची उडी तेवढी काढून घ्यायची होती. माझी नात आज नागपूरला क्लासला जाते, तिथे असला शह पहिल्याच महिन्यात बंद करायला लावतात. त्यांचं बरोबरच आहे. आताच्या नियमांत उगाच दिलेला शह बहुतेक वेळा राजाला चांगल्या घरात ढकलतो आणि आपली चाल वाया जाते. हल्ल्याची तत्त्वंसुद्धा नियमांच्या पोटातून येतात, हे मला तिच्या शेजारी बसून कळलं.

दुसरी गोष्ट प्यादेमातीची. वजिरानं किंवा हत्तीनं मात केली तर डाव जिंकला जाई, पण प्याद्यानं मात केली तर गावात नाव होई. समोरच्याचा राजा एकटा उरला तर बुर्जी, म्हणजे जिंकत आलेला डाव बरोबरीत. त्यामुळे चढाई करणाऱ्याला मोहरी मारत सुटून चालत नसे. काय मारायचं, काय मुद्दाम जिवंत ठेवायचं आणि शेवटचं प्यादं कोणत्या घरावर आणायचं, हे चार-पाच चाली आधी जुळवावं लागे. बाजूला बसलेले आजोबा हमखास म्हणायचे, “घाई काऊन करतं बे? आधी घोडे त काढ बाहेर!”

नातीच्या मोबाइलवर मी पॉल मॉर्फीचा १८५८ सालचा पॅरिसच्या ऑपेरागृहातला डाव पाहिला, तेव्हा ते वाक्य आठवलं. सतरा चालींचा डाव. शेवटी मॉर्फी वजीर देऊन टाकतो, घोड्याला तो मारावाच लागतो, आणि मोकळ्या झालेल्या पट्टीतून हत्ती उंटाच्या जोरावर मात करतो. काळ्याचा एक हत्ती आणि एक उंट तोवर मूळ जागेवरून हललेलेच नसतात. बळी दिलेला वजीर डोळ्यांत भरतो, पण डाव जिंकला तो बाहेर पडलेल्या मोहऱ्यांनी. बुद्धिबळपटू स्टाइनिट्झनं पुढे हेच शिस्तीत मांडलं: आधी वरचढ स्थिती मिळवा, मग हल्ला करा.

देशी खेळ कमअस्सल होता, असं मात्र कुणी समजू नये. पेशव्यांच्या पदरी असलेल्या त्रिवेंगडाचार्य शास्त्रींच्या बुद्धिबळावरच्या ग्रंथाचं इंग्रजी रूप १८१४ मध्ये मुंबईत छापलं गेलं. पंजाबचा मीर सुलतान खान याच पद्धतीत वाढला, आणि १९२९ मध्ये विलायतेत जाऊन त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन बसला. ते त्यानं पुढे आणखी दोनदा जिंकलं.

आज संगणकातलं इंजिन क्षणात सांगतं की उंटाचा बळी चालतो की नाही. पोरं झपाट्यानं शिकतात आणि मला त्याचा आनंदच आहे. आमच्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बातुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकते आणि ग्रँडमास्टर होते, हे आमच्या ओट्यावर कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. तरी उत्तर बघण्याआधी पटाकडे टक लावून बसायला मी नातीला सांगतो. कोणत्या मोहऱ्याला जोर नाही? कोणतं मोहरं एकटंच दोन घरं राखतंय? राजाला पळायला कुठे वाट आहे? ओट्यावरचे बघे आम्हाला हेच विचारायचे.

एक उणीव फार सलते. नातीचा प्रत्येक डाव चालींसकट लिहिलेला असतो. आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडच्या त्या प्यादेमाती कुणी लिहूनच ठेवल्या नाहीत. दोन-तीन अखेरी मला घरांसकट आठवतात. त्या मी तिच्याच वहीत उतरवून घेतोय, आणि गावातल्या इतर म्हाताऱ्यांकडेही ती वही घेऊन जाणार आहे.