फ्रीज, आजी आणि थोडीशी मी

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटवाली. दहावीपर्यंत ‘वेलांटी पहिली की दुसरी’ हा प्रश्न मला थर्मोडायनॅमिक्सपेक्षा कठीण वाटायचा. मराठी वाचायला मला शाळेने नाही, आजीने शिकवलं; दुपारी तिच्या शेजारी लोळत, पेपरमधल्या मोठ्या मथळ्यांवरून. त्यामुळे हा लेख तिच्यावर असणं ओघानेच आलं. शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात, ही विनंती.

तर झालं असं... मे महिन्यात परीक्षा संपवून मी सोलापूरला घरी आले. सोलापूरचा मे म्हणजे काय ते तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. नळाचं पाणी दुपारी चहाला चालेल इतकं गरम असतं! आल्याआल्या मी पहिलं काम काय केलं? फ्रीजच्या दारात पाण्याच्या सहा बाटल्या लावल्या. तिथे एक स्टीलची डबी होती, ती उचलून सगळ्यात वरच्या खणात, अगदी मागे, फ्रीझरच्या खाली सरकवली. त्या डबीत आजीचं इन्सुलिन असायचं.

आजीला मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन, लाल टोपणाची सिरिंज, आणि एक दोनशे पानी वही. त्या वहीत आई रोज शुगर लिहिते. मी आल्यावर आठवड्याभरात वहीतले आकडे चढायला लागले. उपाशीपोटी १६०, मग १९८, मग २४१. घरात आंब्याची पेटी आलेली. त्यामुळे संशयाची सुई कुठे गेली ते सांगायला नकोच. आईने २४१ च्या पुढे कंसात लिहिलं, ‘आमरस?’. बाबांनी पेटी माळ्यावर ठेवली. आणि सगळ्यात जास्त आवाज कोणी केला? मी. “आजी, तू लहान आहेस का? पाय, डोळे, किडनी, सगळं जातं याने!” असलं काहीबाही बोलले. आजी भांडत नाही. ती फक्त म्हणाली, “खाल्लं असतं तर सांगितलं असतं गं.” आणि उठून देवघरात गेली.

डॉक्टरांनी सकाळचा डोस १८ वरून २२ युनिट केला. तरी २५६.

आता जरा फ्रीजकडे येऊ. आमचा फ्रीज एका दाराचा, बारा-तेरा वर्षांचा. त्या दिवसांत कोथिंबीर काळी पडत होती, दह्यात बर्फाचे कण लागत होते, काकडी चिरली की आतून पाणी-पाणी. पण कोणाचीच तक्रार नाही, उलट “मे महिन्यात सुद्धा काय गार करतोय बघा” असं पाहुण्यांना कौतुकाने सांगणं चालू होतं! फ्रीज गार करत नसेल तर माणूस लगेच मेकॅनिकला बोलावतो. जास्त गार करत असेल तर मात्र त्याचं कौतुक होतं.

एका रात्री उकाड्याने झोप येईना. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले आणि तिथेच बसून राहिले. अर्ध्या तासाने लक्षात आलं की कॉम्प्रेसरची घरघर थांबतच नाहीये. लहानपणापासून त्या फ्रीजची सवय आहे. तो थोडा वेळ घुमतो, मग अंग झटकल्यासारखा हलतो आणि गप्प बसतो. ते झटकणंच बंद झालं होतं.

इथे थोडं शास्त्र सांगते. जुन्या फ्रीजच्या थर्मोस्टॅटमध्ये केसासारखी बारीक पोकळी असलेली तांब्याची नळी असते, आत वायू भरलेला. नळीचं टोक फ्रीझरच्या पत्र्याला क्लिपने घट्ट दाबलेलं असतं. पत्रा तापला की वायूचा दाब वाढतो, आतला भाता फुगतो, संपर्क जुळतो, कॉम्प्रेसर सुरू. पत्रा गार झाला की दाब उतरतो, संपर्क तुटतो, कॉम्प्रेसर बंद. आपण नॉब फिरवतो तेव्हा फक्त स्प्रिंगचा ताण बदलतो. बस, एवढंच! (वॉरन जॉन्सन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १८८३ साली विजेच्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं. त्याच्या वर्गात उकडलं की थंडी वाजली हे बघायला शिपाई सारखा आत यायचा आणि शिकवणं तुटायचं, म्हणून त्याने तळघरात घंटी वाजवणारं यंत्र बनवलं. आमच्या वर्गात मात्र उकडतंय हे सांगायला कोणाची हिंमत होत नाही.) व्हायव्हात मी हे सगळं आकृतीसकट सांगितलं होतं, मार्कही बरे पडले होते.

सकाळी मी तपासणीला लागले. आधी पेलाभर पाण्यात ताप मोजायचा थर्मामीटर घालून फ्रीजमध्ये ठेवला. तो ३५ च्या खाली जातच नाही हे मला, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला, दुपारी कळलं! मग शेजारच्या दादाकडून प्रयोगशाळेतला आणला. नॉब ६ वर होता, तो २ वर केला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले. मधल्या खणातल्या पेल्यावर बर्फाची पापडी. वरच्या खणात मागे ठेवलेली वाटी पार दगड. म्हणजे नॉबचं कोणी ऐकतच नव्हतं.

त्या दगड झालेल्या वाटीच्या शेजारीच आजीची डबी होती.

बाटली हातात घेतली, आत बर्फ. आम्हाला इतके दिवस कळलं कसं नाही? कारण आई सकाळी सहाला दूध काढतानाच डबी बाहेर ठेवायची, गार इंजेक्शन चरचरतं म्हणून. आठला ते वितळलेलं असायचं, आणि हे इन्सुलिन मुळातच दुधाळ दिसतं. वितळल्यावर हलवून उजेडात धरलं, तर काचेला बारीक कण चिकटलेले. खोक्यावर छापलेलं होतं, २ ते ८ अंश, गोठवू नये. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. ते नीट काम करेल याचा भरवसा राहत नाही.

आईने नवीन बाटली आणली आणि ताबडतोब डॉक्टरांना फोन लावला. बरं झालं लावला. मी तर २२ युनिटच भरणार होते! चांगलं इन्सुलिन आणि वाढवलेला डोस, म्हणजे शुगर एकदम खाली जाण्याची भीती. डॉक्टरांनी डोस परत १८ केला आणि दिवसातून चार वेळा शुगर बघायला सांगितलं.

फ्रीज दुरुस्तीवाले काका दुपारी आले. मी त्यांच्या आधीच प्लग काढून सामान रिकामं केलं होतं. नळी पत्र्यापासून सुटून हवेत लोंबत होती. नळीला आजूबाजूची हवाच लागत होती, पत्रा किती गोठलाय ते तिला कळत नव्हतं, म्हणून कॉम्प्रेसर थांबत नव्हता. काकांनी विचारलं, “वहिनी, बर्फ कशानं खरवडला?” आई पंख्याकडे बघायला लागली. एप्रिलमध्ये उलथन्याने खरवडला होता. थर्मोस्टॅट खराब झालाय का बघायला आम्ही नॉब १ वर ठेवून नळीचं टोक बर्फ-मिठाच्या पेल्यात बुडवलं. थोड्या वेळाने ‘कट्’ असा आवाज आला. म्हणजे तो बिचारा ठणठणीत होता. नवी क्लिप, दोन स्क्रू, दीडशे रुपये.

आणि डबी दारातच राहिली असती तर? दार हा फ्रीजचा सगळ्यात कमी गार भाग. बहुतेक वाचली असती. हा हिशोब मी घरात कोणाला सांगितला नाही, इथेच पहिल्यांदा लिहितेय.

चौथ्या दिवशी उपाशीपोटी १३८.

आजीला सॉरी म्हणायला गेले, तर शब्द सुचेना. इंग्रजीतही नाही आणि मराठीतही नाही. तिनेच शुगरची वही उघडली, ‘आमरस?’ लिहिलेलं पान काढलं आणि पेन माझ्या हातात दिलं. मी ते खोडून शेजारी ‘फ्रीज’ लिहिलं. आजीने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, “फ्री ची वेलांटी दुसरी. बरोबर आहे.”

मग हळूच विचारलं, “पेटी अजून माळ्यावरच आहे का गं?”