धक्का आणि धसका

आमच्या उजव्या खांद्यास एक जुनी नामुष्की ठाऊक आहे. महाविद्यालयात असताना राष्ट्रीय छात्रसेनेच्या एका शिबिरात आम्ही प्रथमच लष्करी रायफल हाती घेतली. तोवर आमचा स्नेह .२२ च्या बंदुकीशी होता. गोळी सुटली की ती घरच्या मांजराप्रमाणे खांद्यास अंग घाशी आणि गप्प बसे. परंतु ७.६२ मिलिमीटरची ही अर्धस्वयंचलित रायफल पहिल्याच गोळीस अशी काही आदळली की, लक्ष्याचे काय झाले हे पाहण्याची शुद्धच आम्हांस उरली नाही. पुढच्या साऱ्या गोळ्या लक्ष्याच्या अलीकडे मातीत गेल्या.

आमचे हवालदार सातारकडचे होते. त्यांनी आमच्या नकळत काडतुसांत एक पोकळ काडतूस मिसळले. त्याची पाळी आली, चाप ओढला, नुसताच ‘खट्’ असा आवाज झाला. पण रायफलीचे तोंड वीतभर खाली गेले, डोळे मिटले आणि खांदा पुढे उसळला! ‘‘अहो, रायफल उडालीच नाही, मग तुम्ही कशापायी उडालात?’’ हवालदारांनी विचारले. सारी रांग हसली आणि स्पर्धेच्या संघातून आमचे नाव गळाले.

पुढे पुस्तके चाळून आम्ही त्या धक्क्याचे कूळ शोधले. ते न्यूटनच्या घरचेच निघाले. साडेनऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला आठशेहून अधिक मीटर वेगाने पुढे धावते; तेव्हा चार-साडेचार किलोच्या रायफलीस सेकंदाला दोन-अडीच मीटर वेगाने मागे येणे भागच असते. अर्धस्वयंचलित रायफल मात्र थोडी समजूतदार असते. दारूच्या धुराचा काही अंश ती नळीतील छिद्रावाटे वळवून घेते. त्या जोरावर खटक्याचा जड भाग मागे सरकतो, स्प्रिंग दाबली जाते आणि रिकामे काडतूस बाहेर पडून नवे आत येते. या धावपळीत धक्का किंचित काळात विभागला जातो व खांद्यास सौम्य भासतो. परंतु तो जड भाग मागे जोराने आदळला, तर दुसरा हिसका बसून नेम ढळतो. म्हणून जाणता नेमबाज वायूची चावी फिरवून यंत्र चालण्यापुरताच वायू आत घेतो. त्याहून कमी घेतला तर काडतूस अडकते, अधिक घेतला तर खांदा कुरकुरतो. कोणी नळीच्या तोंडाशी धूर बाजूंस वळविणारे टोपण बसवितात, कोणी दस्त्यास रबराची गादी लावतात. आमच्या पुण्यातच, पाषाणच्या शस्त्रसंशोधन संस्थेने ‘इन्सास’ रायफल घडविली, तिची ५.५६ मिलिमीटरची गोळी हलकी, म्हणून धक्काही हलका.

एवढे सारे शिकूनही आमचा धसका मात्र जागच्या जागीच होता, हे परवा कळले. आमच्या पुतणीने महाविद्यालयातून एक वर्ष रजा घेऊन केवळ नेमबाजी करण्याचा हट्ट धरला. ‘‘तू तिला समजाव,’’ असे म्हणून दादांनी आम्हांस बालेवाडीस धाडले. हे क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारले गेले. कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसळे रेल्वेची नोकरी सांभाळून येथेच वर्षानुवर्षे घाम गाळीत होता. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीत ४५१.४ गुण मिळवून त्याने कांस्यपदक आणले.

येथील रायफली एकेक काडतूस भरण्याच्या. वजन आठ किलोपर्यंत, गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, धक्का नाममात्र. परंतु दहा गुणांचे वर्तुळ पन्नास मीटरवर अवघे १०.४ मिलिमीटरचे! तेथे खांद्याची किंचित चुळबूळही महागात पडते. पुतणीने दस्ता खांद्याच्या खोबणीत टेकविला, अंग सैल सोडले, चाप दाबला, आणि गोळी सुटून गेल्यावरही ती क्षणभर तशीच निश्चल राहिली. गोळी नळीत असते ती सेकंदाचा काही हजारावा भाग; खांद्यास धक्का कळेपर्यंत ती बहुधा निघून गेलेली असते. नेम बिघडवितो तो धक्का नव्हे, त्याच्या आधी येणारा धसका!

हे आम्ही मोठ्या गांभीर्याने मनाशी घोळवीत होतो, तोच ती वळून हसली. ‘‘काका, गोळी मी झाडत होते, खांदा तुम्ही का उचललात?’’

आम्ही ओशाळलो. समजुतीची सारी भाषणे घरून पाठ करून आणली होती: वर्ष फुकट जाईल, लोक काय म्हणतील, पदक न मिळाले तर काय. त्यांपैकी एकही संकट अजून आले नव्हते. पोकळ काडतुसावर उडण्याची आमची खोड चाळीस वर्षांनंतरही गेली नव्हती, आणि या वेळी पणास लागला होता तो दुसऱ्याचा नेम.

सायंकाळी दादांनी विचारले, ‘‘समजावलेस ना?’’

आम्ही म्हणालो, ‘‘दादा, तिचा हात स्थिर आहे. खांदे उडताहेत ते आपले.’’