युद्ध न्याय्य असू शकते का?



काही वर्षांपूर्वी एका अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात मी ‘धर्मयुद्ध’ या शब्दाच्या अर्थच्छटा समजावून देत होतो. तास संपल्यावर सैन्यातून निवृत्त झालेले एक विद्यार्थी मागे थांबले. “सर, शब्दाचा अर्थ कळला, पण युद्ध खरोखर कधी योग्य असते का?” असे त्यांनी विचारले. मी पुस्तकी उत्तर दिले. ते त्यांना पुरले नाही आणि मलाही पुरले नाही. तोच प्रश्न आज आपल्यापुढे ठेवतो.

मराठीत ‘धर्मयुद्ध’ म्हणजे नियम पाळून केलेले युद्ध आणि धर्मासाठी पुकारलेले युद्धही. ख्रिस्ती विचारपरंपरेत चर्चा आहे ती ‘न्याय्य युद्धा’ची. शत्रूवरही प्रेम करा, ही येशूची शिकवण. मग निरपराधांवर शस्त्र चालवणाऱ्याला कोणी अडवायचे? या पेचातून संत ऑगस्टीन (354–430) यांनी विचार मांडला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी तीन अटी सांगितल्या: अधिकृत सत्तेची आज्ञा, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू. उलट क्वेकर पंथीयांनी 1660 मध्ये इंग्लंडच्या राजापुढे शस्त्रत्यागाची भूमिका जाहीर केली. तिला आपण ‘शांततावाद’ म्हणतो. पण ‘शांत’ या शब्दाला मराठीत गप्प बसण्याचीही छटा आहे, आणि तिथेच आपली फसगत होते.

दोन माणसांकडे पाहू. फ्रान्झ येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातील एका खेड्यातला कॅथलिक शेतकरी. प्रत्येक युद्ध पाप आहे, असे त्याचे म्हणणे नव्हते. हिटलरचे युद्ध अन्याय्य आहे, एवढेच त्याचे म्हणणे होते. धर्मगुरूंनी कुटुंबाचा विचार करण्यास सांगितले. जखमींची शुश्रूषा करण्याची त्याची तयारी होती, शस्त्र धरण्याची नव्हती. 9 ऑगस्ट 1943 रोजी त्याचा शिरच्छेद झाला. मागे पत्नी आणि लहान मुली राहिल्या.

दुसरा डीट्रिख बोनहोफर, जर्मन ल्यूथरन पाळक. त्याचा ओढा अहिंसेकडे होता; गांधीजींना भेटण्यासाठी भारतात येण्याचा त्याचा बेतही होता. तोच पुढे हिटलरविरोधी कटात सामील झाला. आपण निर्दोष आहोत, असे मात्र त्याने कधी मानले नाही. इतरांसाठी दोषही पत्करावा लागतो, अशी त्याची धारणा होती. 9 एप्रिल 1945 रोजी त्याला फाशी देण्यात आले.

न्याय्य युद्धाची कसोटी मानणाऱ्या परंपरेतला माणूस शस्त्र नाकारतो आणि अहिंसेकडे झुकलेला माणूस हिंसेच्या कटात शिरतो. यावरून मला एवढे उमगले: ज्या कसोटीतून स्वतःच्या राज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, ती कसोटी नसून केवळ सबब होय; आणि ज्या अहिंसेला दुबळ्याच्या रक्षणाची चिंता नाही, ती केवळ अलिप्तता होय.

त्या माजी सैनिकाला आज मी म्हणेन, “युद्ध कधी अटळ असू शकेल, पण त्यातून हात स्वच्छ ठेवून कोणी परतत नाही. आपल्याला हा प्रश्न अजून छळतो, हे आपल्या विवेकाचे लक्षण आहे.”

हे उत्तर आपणांस पटते का? पटत नसल्यास का, ते आपल्या शब्दांत लिहून पाहा.