आरशांचा कहवाखाना

कैरोत हजरत इमाम हुसेन यांच्या नावाची मशीद आहे. तिला लागूनच्या खान-अल्-खलिली बाजारात, एका बोळात ‘फिशावी’ नावाचा कहवाखाना आहे. दोन शतकांहून जुना, असं मालकांच्या घराण्यातले लोक सांगतात. उमरा करून परतताना आम्ही तिघे कैरोत उतरलो, ते पिरॅमिडसाठी कमी आणि या कहवाखान्यासाठी जास्त.

सजावट म्हणाल तर नुसता भडकपणा. भिंतींवर मोठमोठे आरसे, नक्षीच्या जाड लाकडी चौकटींतले. वर झुंबरं, खाली पितळी तबकांची छोटी टेबलं, आणि सगळ्यावर हुक्क्याचा धूर. बोळ इतका अरुंद की अर्ध्या खुर्च्या येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात. आमच्याकडे कुणी शादीखाना असा सजवला असता, तर आम्हीच नाकं मुरडली असती. इथे मात्र बसल्यावर उठवेना.

इशाची नमाज पढून माणसं मशिदीतून निघतात आणि सरळ इथे येऊन पुदिन्याचा चहा मागवतात. शेजारी हिजाब घातलेल्या चार मुली तावातावानं वाद घालत होत्या. आमच्यातल्या एकानं नजर फिरवली. दुसरा म्हणाला, “अरे मियाँ, बघ की! यांना बसायला जागा आहे. आपल्या पोरींना कुठंय?”

पोरींचं सोडा, आम्हाला तरी कुठंय? मोहल्ल्याच्या हॉटेलात मराठी कथा वाचायला काढली, तर लोक चमकून बघतात. शहरातल्या साहित्यिकांच्या कट्ट्यावर गेलो, तर गाडी ‘छान मराठी बोलता हो तुम्ही’च्या पुढे सरकत नाही. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेही या जागेच्याच शोधात, असं आम्हाला वाटतं. पण संमेलन उठतं, मांडव सुटतो. रोज बसायची जागा उरत नाही.

नजीब महफूज फिशावीत बसत. जन्म १९११चा, इथल्याच गमालिया मोहल्ल्यातला. नोकरी काही वर्षं चक्क वक्फ मंत्रालयात! गमालियातल्या रस्त्यांची नावं त्यांनी कादंबऱ्यांना दिली. १९८८ साली नोबेल मिळालं. पण १९५९मध्ये ‘अल्-अहराम’मध्ये क्रमशः छापलेल्या एका कादंबरीवर अझहरचे उलेमा नाराज झाले होते. ती पुस्तकरूपात निघाली १९६७ साली, तीही बैरूतला. ऑक्टोबर १९९४मध्ये एका तरुणानं घराबाहेर या ८२ वर्षांच्या म्हाताऱ्याच्या मानेत सुरा खुपसला. त्या पोरानं ती कादंबरी वाचलीच नव्हती.

लिहिता हात जवळजवळ गेला. बैठक मात्र मोडली नाही. जागा बदलल्या, पहारा आला, पण मित्र जमत राहिले. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून मित्र कानाशी मोठ्यानं बोलत.

ऑगस्ट २००६मध्ये त्यांचा इंतकाल झाला. सरकारी इतमाम नंतर झाला. आधी, त्यांच्याच इच्छेप्रमाणे, जनाज्याची नमाज हुसेन मशिदीत झाली, फिशावीपासून हाकेच्या अंतरावर.