कायमचा पत्ता

आमचं आडनाव रोहेकर. वयाची पंचेचाळीस वर्षं मी ते बिनतक्रार वापरलं. पण ज्या गावावरून ते आलं, ते रोहे काही कधी पाहिलं नव्हतं. बँकेत मी दिवसभर लोकांच्या अर्जांवरचा 'कायमचा पत्ता' हा रकाना तपासतो. रिकामा असला तर अर्ज परत करतो. आमच्याच घरचा हा रकाना रिकामा आहे, हे लक्षात आलं ते अण्णांमुळे.

अण्णांचं वय चौऱ्याऐंशी. हल्ली संध्याकाळचे सहा वाजले की ते कापडी पिशवीत टॉवेल आणि पंचांग घालतात, चपला पायात सरकवतात आणि मला म्हणतात, "चल, घरी जाऊ." डोंबिवलीच्या याच घरात ते चाळीस वर्षं राहताहेत. "अण्णा, हेच आपलं घर," असं म्हटलं की, खोटी सही करून पैसे काढायला आलेल्या इसमाकडे मी जसा बघतो, तसे ते माझ्याकडे बघतात.

शेवटी म्हटलं, घर शोधून तरी येऊ. मी कॉमर्सचा पदवीधर. हिशेब सोपा होता: रोहेकरांचं हेड ऑफिस रोह्यातच असणार! एका रविवारी दिवा-रोहा गाडी पकडली. मध्य रेल्वे जिथं संपते आणि कोकण रेल्वे जिथं सुरू होते, त्या स्टेशनावर उतरलो, धावीर महाराजांना नमस्कार केला आणि वाटेतल्या एका किराणा दुकानात विचारलं, "इथं रोहेकर कुठं राहतात हो?"

दुकानदाराचा गूळ तोलणारा हात थांबला. "रोह्यात रोहेकर? अहो, इथं सगळेच रोहेकर! गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोण कशाला देईल? गाव सोडून गेला, तो रोहेकर. तुम्ही असं करा, पेणला बघा."

हे मला एकदम पटलं. चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. घराणं रोह्याचं, पण आडनाव वतनाचं. पांडुरंगशास्त्री आठवले १९२० साली रोह्यातच जन्मले, ते आठवले. विनोबा भावे १८९५ साली पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मले. त्यांना कुणी पेणकर म्हटलं नाही. तिकडे रुमानियातही हीच तऱ्हा आहे. ब्राशोव्ह गावचा तो ब्राशोव्हेआनु, मोल्दोव्हातून आलेला तो मोल्दोव्हेआनु. म्हणजे आपलं 'कर', ते त्यांचं 'एआनु'. आपल्या मोल्दोव्हेआनु भाऊबंदांना मोल्दोव्हात शोधत एखादा कारकून तिकडेही आपला रविवार वाया घालवत असेल.

परतीच्या गाडीतून पेणला उतरलो. चौकशी करत करत एका कौलारू घरापाशी पोचलो. दारावर पाटी: रोहेकर! मी कडी वाजवली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दार उघडलं.

"मी रोहेकर," मी विजयी स्वरात म्हणालो.

"मीही. या, बसा."

मी खुर्चीवर नीट टेकलोही नव्हतो, तोच विचारलं, "आपलं गोत्र कोणतं?"

"गोत्र?" आजोबा मनापासून हसले. "अहो, आम्ही बेने इस्रायल."

दाराच्या चौकटीवर तिरकी बसवलेली छोटीशी मेझुझा मला आत्ता दिसली. आजोबांनी सगळं समजावून सांगितलं. त्यांच्या परंपरेप्रमाणे फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. त्यांचे वंशज गावोगाव पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' म्हणायला सुरुवात केली. आडनावं मात्र आली गावांवरून: नवगावकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर.

"म्हणजे तुमचं-आमचं नातं काहीच नाही," मी पडलेल्या चेहऱ्याने म्हणालो. वंशवृक्षाची फांदी हाती लागली, ती नेमकी दुसऱ्याच झाडाची!

"नाही कसं? तुमचे आणि आमचे म्हातारे एकाच कुंडलिकेचं पाणी पिऊन निघाले. भाऊबंद नसू, गाववाले तर आहोत? माझा धाकटा भाऊ इस्रायलला गेला. त्याच्या नातवंडांपैकी एकानंही रोहे बघितलेलं नाही. पण दारावरची पाटी रोहेकरच!"

इतक्यात आजींनी बशी पुढे केली. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, फळांचे तुकडे. नवस फेडला होता, त्याचा मलिदा. तो खाताना माझ्या कारकुनी डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्याला मी कायमचा पत्ता समजत होतो, ती निघाल्याची पावती होती. पोचल्याची नोंद आडनावात नसते.

पेणचे पापड घेऊन रात्री घरी आलो.

"सापडलं घर?" अण्णांनी विचारलं.

"घर नाही सापडलं. रोहेकर सापडले."

अण्णांनी भाजलेल्या पापडाचा तुकडा मोडला. "मीठ जास्त आहे," ते म्हणाले आणि उरलेला सगळा पापड संपवला.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता पिशवी पुन्हा तयार. या वेळी वाद न घालता मीही चपला घातल्या. दोघांनी पलीकडच्या चौकापर्यंत फेरी मारली आणि परत फाटकाशी आलो. वॉचमन नवा होता. त्याने वही पुढे केली. अण्णांनी चष्मा सावरला आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं. नाव: रोहेकर. कोठून आलात: रोहे. कोणाकडे जायचे: घरी.

बँकेतल्या सवयीने मी नोंद तपासली. एकही रकाना रिकामा नव्हता.