मोहाचा हंगाम

फाल्गुन सरत आला कीं आमच्या वर्गांतील कांहीं बांकें रिकामीं दिसूं लागतात. परीक्षा तोंडावर आलेली असते, शिक्षक घाईंत असतो, आणि नेमके त्याच वेळीं वसतिगृहांतील जंगलपट्टीचे विद्यार्थी एकेक करून घरीं निघून जातात. पुष्कळ वर्षें मीं हजेरीपटांत त्यांच्या नांवांपुढें लाल शाईनें खूण केली व पालकांस कडक पत्रें धाडलीं. त्या पत्रांतील कांहीं शब्दांची मला आज लाज वाटते. म्हणूनच हें लिहीत आहें.

मोहाच्या झाडाविषयीं माझें मन लहानपणापासून कलुषित होतें. वडील मद्यपाननिषेधाचें काम करीत. त्यांच्या लेखीं मोह म्हणजे दारू, आणि दारू म्हणजे संसाराची राखरांगोळी. आमच्या घरांत त्या फुलाचें नांवही निघत नसे. त्यांचें म्हणणें सर्वस्वीं खोटें होतें असें मी म्हणणार नाहीं. दारूनें धुळीस मिळालेलीं घरें मींही पाहिलीं आहेत, आणि गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ सालीं दारूबंदी झाली ती तेथील लोकांनीं चळवळ केली म्हणून. परंतु झाडाचा न्याय एवढ्यावरूनच करणें, हें मात्र अज्ञान होतें. सरकारही त्यापासून अलिप्त नव्हतें. मुंबई इलाख्यांत १८९२ सालीं मोहफुलांवर निर्बंध घालणारा कायदा झाला होता. आणि आपल्या राज्यांत आदिवासींना हीं फुलें गोळा करण्याची, सांठविण्याची व नेण्याची मोकळीक मिळाली ती २०२१ सालीं.

कांहीं वर्षांपूर्वीं नववींतील एक हुशार मुलगा मार्चच्या अखेरीस असाच निघून गेला. त्याला परत आणावयाचेंच, असा निश्चय करून मी एका शनिवारीं सायंकाळीं धानोरा तालुक्यांतील त्याच्या गांवीं पोहोंचलों. घरांत आई व आजी. वडील हयात नव्हते. मीं परीक्षेच्या महत्त्वावर बरेंच प्रवचन केलें. म्हातारीनें तें शांतपणें ऐकून घेतलें, पाण्याचा तांब्या माझ्यापुढें ठेविला आणि म्हणाली, “गुरुजी, झाड काही तुमच्या शारेची सुट्टी पाहून फुलत नाही जी.” यावर मला उत्तर सुचेना. त्या रात्रीं मुक्काम तेथेंच केला.

पहाटे चारला सर्व उठलीं. विजेरीच्या उजेडांत आम्ही निघालों. मोहाला या दिवसांत पान म्हणून नसतें. उघड्या फांद्यांच्या टोंकांना फुलांचे घोस तेवढे लोंबतात. रात्र संपतां संपतां तीं मांसल, मलईच्या रंगाचीं फुलें गळूं लागतात, आणि ऊन चढेपर्यंत तीं पडतच असतात. अंधारांत तो टप् टप् आवाज आणि तो गोड, उग्र, डोक्यांत भिनणारा वास मला विसरतां येणार नाहीं. इस्राएल लोक रानांत रोज सकाळीं मान्ना गोळा करीत व ऊन तापल्यावर तो वितळून जाई, हें मीं वर्गांत कितीदां शिकविलें आहे! पण तो वेंचणाऱ्यांची पाठ कशी दुखत असेल, हा विचार माझ्या मनांत कधींच आला नव्हता.

गांवांत कोणतें झाड कोणाच्या घराचें, हें पूर्वापार ठरलेलें असतें. पुष्कळ ठिकाणीं फुलें दिसावींत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात व त्यांतून वणवे पेटतात. हें वाईटच. या घरच्या बायकांनीं मात्र आदल्या दिवशीं खराट्यानें जागा स्वच्छ झाडून ठेविली होती. दोघी टोपल्या घेऊन ओणव्या झाल्या.

मुलगा मात्र वेंचीत नव्हता. हातांत काठी व एक रिकामा पत्र्याचा डबा घेऊन, बायकांकडे पाठ करून तो उभा होता. मधून मधून डबा वाजवी, पुन्हां झुडपांकडे पाहत राही. मला राग आला. म्हटलें, “नुसतें उभें राहण्याकरितां तूं शाळा सोडलीस काय?”

माझ्याकडे न पाहतांच तो म्हणाला, “सर, त्या वाकलेल्या आहेत ना.”

मग माझ्या ध्यानांत आलें. अस्वलाला मोह अतिशय प्रिय. तेंही याच वेळीं झाडाखालीं येतें. आणि ओणवा मनुष्य वाघाला मनुष्य वाटत नाहीं, असें जाणते लोक सांगतात. मोह वेंचावयास गेलेल्या माणसांवर वाघानें झडप घातल्याच्या वार्ता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलींत दर उन्हाळ्यांत कानीं येतात. वर्तमानपत्रांत मीं त्या वाचीत असें, आणि पान उलटीत असें. त्या घरांत पहारा करावयास तिसरें माणूस नव्हतें.

डबा मीं मागून घेतला. मुलगा वेंचावयास बसला व मी दोन तास उभा राहिलों. परीक्षेच्या दालनांत इतक्या सावधपणें मीं कधीं पहारा केला असेल, असें वाटत नाहीं!

फुलें अंगणांत तीन-चार दिवस वाळलीं म्हणजे तांबूस होतात आणि बेदाण्यासारखीं आक्रसतात. त्यांत निम्म्याहून अधिक साखरच असते. जुन्या दुष्काळांत या प्रांतांतील कित्येकांचे प्राण या फुलांनीं वांचविले. आतां थोडीं घरीं ठेवून बाकीचीं व्यापाऱ्याला देतात. हें उरकतें न उरकतें तोंच वैशाखांत तेंदूची पानें तोडावयाचीं. सत्तर पानांचें एक पुडकें, अशीं शेंकडों पुडकीं बांधावयाचीं. पुढें मोहाचें फळ पिकतें. त्याला टोळ म्हणतात. त्याच्या बियांचें तेल काढतात. मग पाऊस, आणि गुडघाभर चिखलांत धानाची रोवणी. २००६ च्या वनहक्क कायद्यानें या गौण वनोपजावर ग्रामसभांची मालकी मान्य झाली, व २००९ सालीं याच तालुक्यांतील मेंढा-लेखा गांवाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, हें मला पुस्तकांतून ठाऊक होतें. जूनमध्यें वसतिगृहाच्या शुल्काचा जो पहिला हप्ता येतो, तो याच फुलापानांचा असतो, हें मात्र मला त्या आजीनें सांगितलें.

परततांना मुलगा माझ्याबरोबर नव्हता. त्या वर्षीं गणितांत त्याचे गुण घसरले. तें नुकसान खरेंच. तेव्हांपासून मी जंगलपट्टीच्या मुलांचा अभ्यास महाशिवरात्रीच्या आंत संपवीत असतों, आणि मुख्याध्यापकांच्या संमतीनें त्यांच्या नांवांपुढें लाल खूण करीत नाहीं.

जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां त्यानें माझ्या टेबलावर वाळलेल्या मोहाची एक पुडी ठेविली. पत्नीनें तीं फुलें भाजून, तीळ घालून, कुटून लाडू केले. माझी आई तेव्हां ऐंशीच्या घरांत होती. एक लाडू खाऊन तिनें विचारलें, “हें काय आहे रे?” मीं म्हटलें, “मोह.” ती भिंतीवरील वडिलांच्या तसबिरीकडे कांहीं वेळ पाहत राहिली. मग तिनें दुसरा लाडू मागितला.